लाल चिंधीचा डबा

तंगुसाचं एक टोक शकूच्या हातात देऊन आबा म्हणाले, "जा मागं मागं, आंब्यापतुर. आन् ताणून धर. ढिलं पडलं की आत गुंता हुतो."

शकू टोक धरून मागे सरकत गेली. आबा, तिचे वडील, शेडसमोर गोणपाटावर मांडी घालून बसले होते आणि मांडीवरच्या चकतीत तो जाड नायलॉनचा दोर एकेक वेढा शेजारी शेजारी बसवत गुंडाळत होते. चकतीवर बाण कोरलेला होता. बाणाच्या दिशेनंच गुंडाळायचं, वेढ्यावर वेढा चढू द्यायचा नाही, आणि शेवटी वीतभर टोक बाहेर ठेवायचं. अमेरिकेहून आलेला मूळचा दोर केव्हाच संपला होता. इंदुरीला नदीवर मोठ्या माशांसाठी गळ टाकणाऱ्यांकडून आबा आता हा तंगूस आणायचे. मासेवाले विचारायचे, एवढा कुठला मासा धरता भाऊ? आबा म्हणायचे, गवतातला.

अठ्ठ्याहत्तर सालच्या कार्तिकातला रविवार होता तो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. शकू तळेगावच्या शाळेत शिकवायची, घोरावाडी स्टेशनजवळ खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं लोणावळ्याला उतरून औंढ्याला घरी यायची. रविवारी आबांबरोबर बंगल्यावर यायचा तिचा शिरस्ता होता. पिशवीत वाचायला पुस्तक असे, पण ते बहुतेक वेळा तसंच परत जाई. बंगल्याचं नाव रानवारा. मालकीण कर्णिकबाई मुंबईच्या, साठीच्या पुढच्या, विधवा. त्या महिन्यातून एकदा, फार तर दोनदा येत. बाकीचे दिवस बंगला, बाग, विहीर आणि मागचा उतार हे सगळं आबांच्या हवाली.

ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या यंत्राला औंढ्यात भुंगा म्हणत. बाईंच्या भाच्यानं ते तीन वर्षांपूर्वी अमेरिकेहून आणलं होतं. पुरुषभर लांब दांडा, वरच्या टोकाला डब्याएवढं पेट्रोलचं इंजिन, खालच्या टोकाला ही चकती. पातं कुठंच नाही. चकतीतून बाहेर आलेली वीतभर दोरी अशी गरगर फिरे की ती दिसेनाशी होई आणि गवत मात्र सपासप आडवं पडे. पहिल्या दिवशी आवाज ऐकून वरच्या वाडीतली बायडाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो कसला भुंगा पाळलाय वो भाऊ?" तेच नाव पडलं. बाईसुद्धा पुढं भुंगाच म्हणू लागल्या.

आबांच्या वडिलांनी जन्मभर पाटलाच्या घोडीसाठी गवत कापलं होतं, उकिडवं बसून. छप्पन साली घरदार बौद्ध झालं तेव्हा ते गावकीचं काम सुटलं, पण विळा सुटला नाही. आबा बंगल्यावर माळी झाले आणि वीस वर्षं उकिडवं बसूनच हिरवळीच्या कडा कापत राहिले. भुंगा आला त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले आणि शकूच्या आईला, भामाबाईला, सांगितलं, "आज उभ्यानं गवत कापलं. आमच्या घराण्यात पयला मीच."

"मंग आता बसून जेवा," भामाबाई म्हणाली. पण त्या दिवशी तिनं भाकरीबरोबर अंड्याची पोळीही केली होती.

म्हणून भुंग्याची निगा ते तान्ह्या पोरासारखी राखत. इंजिनाच्या नाकात बसवलेला स्पंजाचा तुकडा काढून पेट्रोलमध्ये धुवायचा, पिळून सावलीत वाळवायचा. प्लगवरची काजळी तारेच्या ब्रशनं घासायची. चकतीच्या मुळाशी गवत गुंडाळलं जातं ते दर वेळी सोडवायचं, नाहीतर ते तापतं आणि आतलं ग्रीस वितळतं. चालवताना पायांना गोणपाट बांधायचं, कारण दोरी खडे उडवते, आणि डोळ्यांवर चष्मा लावायचा. तो बाजारातल्या स्कूटर-मिस्त्री मारुतीनं दिलेला जुना गॉगल होता. तो लावला की आबा विमानातून उतरल्यासारखे दिसत.

उतारावर मात्र ते भुंगा नेत नसत. दोरीनं गवताचा चुरा होतो, त्याला पेट्रोलचा वास लागतो आणि म्हैस त्याला तोंड लावत नाही. उताराचं गवत बायडाबाई आणि वाडीतल्या दोघी-तिघी दसऱ्यानंतर विळ्यानं कापून न्यायच्या, बंगल्याचा उतारही साफ व्हायचा. भुंग्याच्या आधीपासूनची ती रीत होती. बाईंना आबांनी सांगितलं होतं की तिथं दगड फार, दोरी तुटते. हे निम्मं खरं होतं.

त्या रविवारी गुंडाळता गुंडाळता आबा दोनदा थांबले. शकूला वाटलं, वेढे नीट बसले का ते बघतायत.

चकती बसवून झाल्यावर ते शेडमध्ये गेले आणि दोन डबे उचलून बाहेर उजेडात घेऊन आले. पाच-पाच लिटरचे, सारखेच, पत्र्याचे. एकात नुसतं पेट्रोल, विहिरीवरच्या पंपासाठी. दुसऱ्यात तेल घातलेलं पेट्रोल, भुंग्यासाठी. भुंग्याच्या इंजिनात तेलाची वेगळी सोय नव्हती. पेट्रोलबरोबर जाईल तेवढंच तेल त्याला मिळे. पाच लिटरला दोन चहाचे ग्लास भरून तेल, मग झाकण लावून डबा घुसळायचा. त्या डब्याच्या मानेला लाल चिंधी बांधलेली होती. दोन्ही डब्यांवर शकूच्या हातच्या चिठ्ठ्याही होत्या, पण दोन पावसाळ्यांत शाई उडून गेली होती.

"ह्या पुसट झाल्यात," आबा म्हणाले. "नव्या लिवून दे."

शकूनं पिशवीतून कागद आणि पेन काढलं. आबांकडे न बघता तिनं लिहायला घेतलं. त्या जुन्या चिठ्ठ्यांबद्दल ती दोघं दोन वर्षांत एकदाही बोलली नव्हती.

शहात्तर साली शकूचं डी.एड. नुकतंच झालं होतं. घरात ती एकटीच शिकलेली, आणि नव्यानं शिकलेल्या माणसाला जसं सगळं नीटनेटकं करावंसं वाटतं तसं तिला तेव्हा वाटत होतं. पावसाळा संपता संपताचा एक शनिवार होता. शेड आवरताना ते दोन तेलकट डबे आणि ती कळकट लाल चिंधी तिच्या डोळ्यांत खुपली. तिनं चिंधी सोडून चुलीत टाकली, डबे राखेनं घासले, पुसले, उन्हात ठेवले, आणि दोन्हींवर खळीनं चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर 'मिश्रण', दुसरीवर 'साधं'. कोणता डबा डावीकडे ठेवला होता ते आपल्याला आठवतंय अशी तिची खात्री होती. झाकण उघडून वास घेतला असता, दोन थेंब बोटावर चोळून पाहिले असते, तरी कळलं असतं. तेवढं तिनं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आबांना शेडमध्ये बोलावून चिठ्ठी दाखवली. "चिंधी कशाला हवी आता? हा बघा, म. म दिसला की भुंग्याचं." आबांनी बोटानं म गिरवला. डोकं हलवत म्हणाले, "म. बरं." आणि शाळेतल्या मुलासारखं आणखी एकदा गिरवून पाहिला. मग म असलेला डबा घेऊन टाकी भरली.

बाई त्या दिवशी आलेल्या होत्या. तळेगावच्या शाळेच्या चालकांशी त्यांची ओळख होती आणि शकूसाठी त्यांनी शिफारशीचं पत्र लिहून आणलं होतं. पाकीट शकूच्या हातात देऊन त्या ओसरीवर चहा घेत बसल्या. समोर आबा हिरवळीच्या कडेनं भुंगा फिरवत होते. अर्ध्या तासानं त्याचा आवाज चढत गेला, नेहमीपेक्षा वर, चिरका, आणि मग एकदम तुटला. आबांनी इंजिन चालू करायची दोरी ओढली. ती हललीच नाही. पुन्हा ओढली. इंजिन आतून धरून जाम झालं होतं.

बाई पायऱ्या उतरून खाली आल्या. इंजिनाला हात न लावताही त्याची धग जाणवत होती. "तेल घातलं होतंस?" त्यांनी विचारलं.

आबांनी डबा उघडला, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. बोट लगेच कोरडं झालं. त्यांनी डब्यावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग शेडच्या दाराशी पाकीट हातात धरून उभ्या असलेल्या शकूकडे पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं.

"इसरलो, बाई," ते म्हणाले.

"तू विसरणाऱ्यातला नाहीस असं मी समजत होते," बाई म्हणाल्या आणि वर गेल्या.

संध्याकाळी झाडांना पाणी द्यायला आबांनी पंप चालू केला. पंपाच्या नळीतून स्कूटरसारखा निळा धूर निघाला, तेलाच्या वासाचा. शकू बादली घेऊन तिथंच उभी होती. धूर दोघांच्या मधून विहिरीवर गेला.

"आज पंपाला लय धूर येतोय," आबा म्हणाले.

"हो," शकू म्हणाली.

सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पाकीट तेव्हा तिच्या पिशवीत होतं आणि सोमवारी ते तळेगावात द्यायचं होतं. नोकरी लागल्यावर सांगू असं तिनं ठरवलं. नोकरी लागली. मग पहिला पगार झाल्यावर सांगू असं ठरवलं. पगार झाला तेव्हा आबा इतके खुशीत होते की तो दिवस नको वाटला.

भुंगा मारुतीच्या गॅरेजात गेला. मारुतीनं प्लगच्या भोकातून तेल ओतून तो चार दिवस ठेवला तेव्हा आतला दट्ट्या सुटला. खरवडलेला भाग बारीक पॉलिश पेपरनं घासून काढला, स्कूटरच्या रिंगा कानसून बसवल्या. महिना गेला. आबा रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसत, आणि तो महिना दिवसा त्यांनी विळ्यानं गवत कापलं, उकिडवं बसून. शकू रविवारी येई तेव्हा तिला ते लांबून दिसत, गुडघ्यांच्या वर फक्त टोपी. बायडाबाई कुंपणावरून म्हणाली होती, "काय भाऊ, भुंगा उडाला व्हय? आलात ना आमच्या पंगतीला?" आबा हसले होते. शकू शेडमागं जाऊन उभी राहिली होती.

भुंगा परत आला, आबा पुन्हा उभे राहिले. डबे त्यांनी चिठ्ठ्यांबरहुकूम भरून घेतले आणि म असलेल्याच्या मानेला दुसरी लाल चिंधी बांधली. पण बाईंच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. त्या वाईट नव्हत्या. तरी आबांनी टाकी भरायला घेतली की ओसरीवरून विचारायच्याच, कधी पाहुण्यांसमोर, "हनुमंत, तेल?" आणि आबा म्हणायचे, "घातलंय, बाई." दोन वर्षं. एकदाही आवाज चढवून नाही.

नव्या चिठ्ठ्या लिहून झाल्या. शकूनं शाई वाळायला कागद हवेत हलवले आणि शेडमधली खळीची वाटी घ्यायला उठली.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "तू लिव. चिकटवतो मी."

तिनं वळून पाहिलं. आबा डब्याची मान फडक्यानं पुसत होते, मान खाली. पण गालाला खळी पडली होती, चेष्टा केल्यावर पडायची तशी. आता, तिला वाटलं. आत्ता सांगावं. तेवढ्यात आबांनी सूर्याकडे बघून सांगितलं की निघ, पाचची गाडी चुकली तर अंधार होईल. तिनं चिठ्ठ्या त्यांच्या हातात दिल्या, चपला घातल्या. पुढच्या रविवारी, असं तिनं रस्त्यानं जाताना ठरवलं. या वेळी खरंच ठरवलं होतं.

सोमवारी दुपारी वर्गाच्या दाराशी कोंडू येऊन उभा राहिला. कोंडू वरच्या वाडीतला, बायडाबाईचा दीर, बंगल्यावर आबांच्या हाताखाली मजुरीला यायचा. त्याच्या सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. शकूनं त्याला कधी एकही बटण लावलेला पाहिला नव्हता. "भाऊंना बरं न्हाई," तो म्हणाला. तिनं खडू खाली ठेवला आणि मुलांना धडा मनात वाचायला सांगितलं.

गाडीत त्यानं खरं सांगितलं. भुंगा चालवता चालवता आबा थांबले. हिरवळीची एक कड राहिली होती. त्यांनी इंजिन बंद केलं, पेट्रोलची तोटी फिरवली, चकतीला गुंडाळलेलं गवत सोडवलं, भुंगा आंब्याला टेकवून ठेवला. मग आंब्याखाली बसले. कोंडू पाण्याचा तांब्या घेऊन आला तेव्हा ते बसलेलेच होते, गॉगल कपाळावर सरकवलेला.

"तोटी बंद केली होती?" शकूनं विचारलं.

"व्हय," कोंडू म्हणाला. "म्यां बघितली ना. बंद हुती."



पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, येणारे हात जोडून 'जय भीम' म्हणत बसत आणि उठून जात. हनुमंतभाऊ असा, हनुमंतभाऊ तसा. मारुती आला, म्हणाला, असलं इंजिन ठेवणारा माणूस मी बघितला नाही, शिकलेल्या मिस्त्रीला ऐकू येणार नाही ते त्याला ऐकू यायचं. मग म्हणाला, तेवढं एकदा तेल राहिलं बघा, नाहीतर डाग नव्हता. चांगल्या मनानंच म्हणाला. भामाबाईनं त्याला पाणी दिलं. शकू भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून होती. तिनं आजवर शेकडो पुस्तकं वाचली होती आणि त्या वेळी तिला एकही वाक्य आठवत नव्हतं.

कार्यक्रमानंतरच्या दुसऱ्या दिवशी कर्णिकबाई मुंबईहून आल्या. आधी घरी आल्या, भामाबाईजवळ तिचा हात धरून जमिनीवर बसल्या. निघताना म्हणाल्या की बंगल्याचं काम कोंडूला द्यायचं म्हणते. भुंग्याची माहिती मात्र त्याला कुणी द्यायची हा प्रश्न आहे.

"मी देईन," शकू म्हणाली.

सगळी बंगल्यावर गेली. बाई शेडसमोर वेताच्या खुर्चीत बसल्या, भामाबाई पायरीवर. कुंपणापलीकडे उतारावर बायडाबाई गवताचे भारे बांधत होती. माणसं दिसल्यावर ती दोर हातात घेऊन कुंपणाशी आली. कोंडू भुंग्यापासून दोन हात लांब उभा होता, लाथ मारणाऱ्या गाईजवळ उभं राहावं तसा.

शकूनं त्याला चकती दाखवली, बाण दाखवला, प्लग कसा काढायचा ते दाखवलं. आपल्या तोंडून आबांचीच वाक्यं येतायत हे तिला बोलताना कळत होतं. स्पंज पिळताना पिरगाळायचा नाही, दाबायचा. चालू करायची दोरी शेवटपर्यंत ओढायची नाही. मग पेट्रोलचे डबे आणायला ती आत गेली.

शेडमध्ये अंधार होता. फळीवर दोन डबे शेजारी शेजारी होते. एकाच्या मानेला लाल चिंधी, नवी, दुहेरी गाठीची. दोन्हींवर तिच्या नव्या चिठ्ठ्या होत्या, कोपरे नीट दाबून चिकटवलेल्या, आणि पावसानं पुसू नयेत म्हणून वरून मेणबत्तीचं मेण घासलेलं. रविवारी ती गेल्यावर त्यांनी हे केलं असणार. चिंधीच्या डब्यावर 'मिश्रण' होतं. तिच्या अक्षरांच्या खाली, मेणाच्या आत, पेन्सिलीनं एक म काढलेला होता, मोठा, जरा कलता.

शकूनं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. तेलकट होतं. दुसरा डबा उघडला, तोही पाहिला. मग दोन्ही डबे घेऊन ती बाहेर आली.

कोंडूनं विचारलं, "मला अक्षर येत न्हाई. कसं वळखायचं?"

"चिंधी आहे ना," शकू म्हणाली. "चिंधीवरून. आणि भरायच्या आधी बोटावर चोळून बघायचं, दर वेळी. चिंधी असली तरी."

"तेलाचं मात्र नीट लक्षात ठेव हं, कोंडू," बाई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "हनुमंतासारखा काळजी घेणारा माणूस, तोसुद्धा एकदा विसरला होता."

भामाबाईनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला. कुंपणाशी बायडाबाईनं मान हलवली. कोंडू "व्हय बाई" म्हणाला, आणि ते वाक्य आता त्याच्याबरोबर इथंच राहणार, दर वेळी टाकी भरताना कुणी ना कुणी ते म्हणणार, हे शकूला समोर दिसलं.

तिनं डबे खाली ठेवले.

"बाई," ती म्हणाली. आवाज आपला वाटला नाही म्हणून तिनं पुन्हा सुरुवात केली. "बाई, आबा तेल विसरले नव्हते. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी चिकटवल्या होत्या, उलट्या. त्यांची चिंधी मीच जाळली. त्याच सकाळी मी त्यांना म शिकवला होता, आणि त्यांनी म बघूनच टाकी भरली. आई, कोंडू, तुम्हीही ऐका. बायडामावशी, तुम्हीपण. आबांनी वाचलं ते बरोबर वाचलं होतं. लिहिणारी चुकली होती."